अपकृत्य आणि गुन्हा : एका कृतीचे दोन जाब

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु कोर्टाच्या पायऱ्या दोन आहेत, एक दिवाणी व दुसरी फौजदारी, आणि एकाच घटनेसाठी दोन्ही चढाव्या लागू शकतात, याची जाणीव आपल्यासारख्या कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना क्वचितच असते.

समजा, बेफाम चालवलेल्या ट्रकने एका सायकलस्वाराला धडक दिली व त्याचा पाय मोडला. येथे दोन प्रश्न उभे राहतात. औषधोपचाराचा खर्च, बुडालेली मजुरी व सोसलेल्या वेदना यांची भरपाई कोणी करावयाची, हा पहिला. सर्वांचाच जीव धोक्यात घालणाऱ्या चालकाला शासन कोणी करावयाचे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर अपकृत्याचा, म्हणजेच 'टॉर्ट'चा कायदा देतो. दुसऱ्याचे फौजदारी कायदा देतो.

यातून पुढील भेद निर्माण होतात. अपकृत्याच्या दाव्यात ज्याचे नुकसान झाले तोच वादी असतो. दावा लावणे, तडजोड करणे वा सोडून देणे त्याच्या हाती असते. गुन्हा मात्र साऱ्या समाजाविरुद्ध मानला जातो. म्हणून खटला सरकार चालवते, जखमी मनुष्य बहुधा साक्षीदार असतो आणि गंभीर गुन्ह्यात त्याला परस्पर तडजोड करता येत नाही.

दुसरा भेद पुराव्याचा. शिक्षा देण्यासाठी आरोप वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. भरपाईसाठी मात्र कोणत्या पक्षाचे म्हणणे अधिक संभवनीय आहे, एवढे पाहिले जाते. त्यामुळे फौजदारीत निर्दोष सुटलेल्यालाही दिवाणीत भरपाई द्यावी लागू शकते.

तिसरा भेद मनातील हेतूचा. गुन्ह्यात बहुधा दुष्ट हेतू किंवा जाणीव पाहिली जाते. अपकृत्यात साधा निष्काळजीपणाही पुरतो. दिल्लीतील वायुगळतीनंतर सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली, एम. सी. मेहता खटल्यात, याही पुढे जाऊन सांगितले की धोकादायक उद्योग करणाऱ्याने 'मी पुरेशी काळजी घेतली होती' असा बचाव करून भरपाई टाळता येणार नाही.

शेवटचा भेद उगमाचा. गुन्हे संहितेत नेमके लिहिलेले असतात. १८६० च्या भारतीय दंड संहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. अपकृत्याचा कायदा मात्र आपल्याकडे इंग्रजी कायद्यातून आला आणि मुख्यतः न्यायनिर्णयांतून वाढला.

हे भेद केवळ परीक्षेपुरते नाहीत, हे भोपाळने दाखवून दिले. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला व हजारो माणसे दगावली. १९८५ च्या कायद्याने पीडितांच्या वतीने भरपाई मागण्याचा अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे घेतला. हेतू असा, की गोरगरिबांना बलाढ्य कंपनीशी एकेकट्याने झगडावे लागू नये. पण त्यामुळे पीडित हा आपल्याच दाव्याचा धनी राहिला नाही, आणि दिवाणी व फौजदारी ही दोन्ही दप्तरे एकाच हाती आली. फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली, व तिच्याबरोबरच फौजदारी खटलेही रद्द झाले!

पीडितांनी याविरुद्ध दाद मागितली. ऑक्टोबर १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची रक्कम कायम ठेवली, पण फौजदारी खटले पुन्हा जिवंत केले. भरपाई मिळाली म्हणून गुन्हा मिटत नाही, हे तत्त्व असे वाचले. तथापि १९९६ साली आरोप सौम्य होऊन निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा उरला. जून २०१० मध्ये कंपनीच्या हयात असलेल्या सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली, तीही घटनेनंतर पंचवीस वर्षांनी. वाढीव भरपाईसाठी केंद्राने केलेली याचिका २०२३ साली फेटाळली गेली.

तात्पर्य, भरपाई पीडिताची असते व शिक्षा समाजाच्या वतीने असते. भरपाईने घरची चूल पेटेल. परंतु 'हे असे पुन्हा होऊ नये' हे सांगण्याचे काम शिक्षेचे आहे. एकाच्या मोबदल्यात दुसरे सोडून दिले, तर ज्याच्याजवळ पैसा आहे त्याच्यापुरता गुन्हा हा केवळ एक खर्च ठरतो. म्हणून कोर्टाच्या या दोन पायऱ्या वेगळ्या का आहेत, हे त्या कधीही न चढणाऱ्या शहाण्यानेही समजून घेतले पाहिजे.