चढ किती असावा?
वस्तीची आखणी आणि सर्वांना उघडे दार : एक पाठ



‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपले वाडवडील म्हणत. घर बांधणे किती कष्टाचे असते हे त्या म्हणीत आले. परंतु बांधण्यापूर्वी जमीन कशी पाहावी, दार कोठे ठेवावे आणि त्या दारातून कोण कोण आत येऊ शकेल, हे त्यात आलेले नाही. आजच्या पाठात तेवढ्याचाच विचार करावयाचा आहे.

विषय इंजिनियर मंडळींचा वाटेल, पण तो आपल्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोचला आहे. १९५० आणि १९६० च्या दशकांत मुंबई, पुणे आणि कोकणातून इस्राएलला आलेली तरुण माणसे आज आजी-आजोबा, पणजी-पणजोबा झाली आहेत. ज्या तीन पायऱ्या ती त्या वेळी एका ढांगेत चढत, त्याच तीन पायऱ्यांमुळे शब्बाथच्या सकाळी सिनेगॉगला न येता घरीच सिद्दूर उघडून बसणारी वडीलधारी माणसे आज गावोगावी आहेत. त्यांची भक्ती कमी झालेली नाही. त्यांच्या आणि हेखालच्या मध्ये केवळ पंचेचाळीस सेंटिमीटर उंची आडवी आली आहे.

१. शास्त्र काय शिकविते?

इमारतीसंबंधीचे तीन धडे तोरामध्येच सापडतात. अनुवादाच्या २२ व्या अध्यायात नव्या घराच्या गच्चीला कठडा बांधण्याची आज्ञा आहे. घरी आलेला माणूस पडला तर त्याचा दोष घरमालकाकडे जातो. हा कठडा दहा मुठी, म्हणजे सुमारे ८० सेंटिमीटर उंच असावा असे पुढे ठरले. लेवीयच्या १९ व्या अध्यायात आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवण्यास मनाई आहे. ह्या आज्ञेचा अर्थ आपल्या रब्बींनी पुष्कळ व्यापक केला, तरी तिचा साधा अर्थ विसरू नये. फुटपाथवर उभी केलेली मोटार किंवा डोक्याशी लोंबणारी फांदी ही आंधळ्याच्या वाटेतील अडखळणच होय.

तिसरा धडा निर्गमच्या २० व्या अध्यायाच्या शेवटी आहे. वेदीवर पायऱ्यांनी चढू नये, असे तेथे सांगितले आहे. कारण मर्यादेचे दिले आहे, अपंगत्वाचे नाही. पण त्यामुळे मंदिराच्या वेदीला पायऱ्यांऐवजी उतार बांधावा लागला. मिद्दोथ ह्या मिश्नामध्ये त्याची मापे आहेत : लांबी ३२ हात, रुंदी १६ हात. वेदीचा माथा ९ हातांवर होता. म्हणजे एक हात चढण्यासाठी साडेतीन हातांहून किंचित अधिक चालावे लागे. झेबाहीम ह्या तालमूदच्या भागात अशी नोंद आहे की, मंदिरातील इतर उतार तीन हातांस एक हात असे होते, फक्त वेदीचाच उतार त्याहून सौम्य होता. टीकाकार कारण सांगतात : कोहेन बलिदानाचे जड भाग उचलून तेथून वर जात, म्हणून त्यांना चढ सोपा करून दिला.

हे कारण नीट लक्षात ठेवावे, कारण आजचा सारा पाठ त्यात आहे. चढ किती असावा हे मोकळ्या हाताने चालणाऱ्या धडधाकट माणसावरून ठरवावयाचे नसते. ज्याच्यावर ओझे आहे त्याच्यावरून ते ठरवावयाचे असते. म्हातारपण, दुखरा गुडघा, चाकांची खुर्ची, कडेवरचे मूल ही सारी ओझीच आहेत.

२. आधी जमीन, मग घर

आता प्रत्यक्ष आखणीकडे वळू. इमारतीच्या चार भिंती काढण्यापूर्वी जमिनीचे चार प्रश्न सोडवावे लागतात : ऊन कोठून येते, वारा कोठून येतो, पाणी कोठे वाहते, आणि माणूस कोठून येतो? पहिल्या तिघांचा विचार बहुधा होतो, चौथा राहून जातो.

उदाहरणासाठी कुवेत शहरातील जाब्रिया ही वस्ती घेऊ. इस्राएलच्या पासपोर्टावर तेथे जाता येत नाही. तरीही ही वस्ती निवडण्यास कारण आहे. नेगेवप्रमाणेच तेथे वाळवंट आहे, आणि आपण ज्या नव्या गावांत येऊन राहिलो त्यांच्या आणि ह्या वस्तीच्या आखणीमागील कल्पना जवळजवळ सख्ख्या बहिणी आहेत. शिवाय नोकरीनिमित्त कुवेतमध्ये राहणारी मराठी कुटुंबेही थोडीथोडकी नाहीत.

१९५२ साली मिनोप्रिओ, स्पेन्सली आणि मॅकफार्लेन ह्या इंग्रज नगररचनाकारांनी कुवेतचा आराखडा केला. ह्यांतील मिनोप्रिओ ह्यांनी इंग्लंडमध्ये क्रॉली ह्या नव्या गावाची आखणी केली होती. जुन्या शहराभोवती अर्धवर्तुळाकार रिंग रोड आणि त्यांच्या दरम्यान स्वयंपूर्ण वस्त्या अशी ही योजना होती. १९५७ साली जुन्या शहराची तटबंदी पाडली गेली आणि शहर ह्याच पद्धतीने बाहेर वाढत गेले. चौथ्या आणि पाचव्या रिंग रोडच्या दरम्यानची जाब्रिया ही त्यांपैकीच एक. तेथे पत्ता ब्लॉक, रस्ता आणि घर अशा क्रमाने सांगतात. बीर-शेवाच्या वस्त्यांना अलेफ, बेथ, गिमेल अशी अक्षरे दिली, तसाच हा प्रकार. वस्तीच्या पोटातच शाळा, प्रार्थनास्थळ, दवाखाना आणि सहकारी दुकान ठेवावयाचे, म्हणजे मुलाला किंवा म्हाताऱ्याला मोठा रस्ता ओलांडावा लागत नाही, हे त्यामागचे तत्त्व. तत्त्व उत्तमच आहे.

पण नकाशावरचे अंतर आणि पायाखालचे अंतर एक नसते. कुवेतमध्ये २१ जुलै २०१६ रोजी मित्रिबा येथे ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. अशा प्रदेशात सावली नसलेले दोनशे मीटर म्हणजे एक भिंतच होय. त्यात निवासी भागांतील फुटपाथ कोठे बागेने, कोठे मोटारींनी अडलेला असतो, आणि चालणारा रस्त्यावर उतरतो. चाकांच्या खुर्चीत बसलेला तर घराबाहेरच पडत नाही. बीर-शेवाच्या पहिल्या वस्त्यांतही हीच अडचण झाली होती. इंग्लंडच्या हिरवळीसाठी सोडलेल्या मोकळ्या जागांत येथे धूळ आणि ऊन उरले. पुढे १९६० च्या दशकात तेथे जी नमुना वस्ती बांधली, तीत घरे दाट आणि वाटा सावलीच्या केल्या, त्या ह्याच अनुभवामुळे.

जाब्रियात मुबारक अल-कबीर हे मोठे सरकारी इस्पितळ आहे आणि त्यालगत कुवेत विद्यापीठाचे वैद्यकीय शिक्षण चालते. इस्पितळ, शाळा किंवा सिनेगॉग अशा जागेचा नकाशा हाती आला की, दारापासून नव्हे तर बसथांब्यापासून बोट फिरवावे. वाटेत कठड्याच्या किती पायऱ्या उतराव्या-चढाव्या लागतात? सावली कोठे तुटते? टेकावयास बाक आहे काय? मोटारींची वाट आणि पायवाट एकमेकींना किती वेळा छेदतात? अपंगांची मोटार दाराच्या सर्वांत जवळ उभी राहते की साहेबांची? एवढी उत्तरे मिळाली की अर्धी आखणी तपासून झाली.

३. जोते कशासाठी?

कोकणातले घर उंच जोत्यावर असते. पावसाचे पाणी अंगणात साचते, ओल भिंतीत चढते, साप-विंचवांचे भय असते, म्हणून जांभ्याच्या तीन-चार पायऱ्या चढून ओट्यावर जावयाचे. तेथे ते शहाणपणाचेच होते. मात्र पाऊस मागे राहिला आणि पायऱ्यांची सवय तेवढी बरोबर आली, असे होऊ नये. पुष्कळदा कोरड्या मुलखातही केवळ भारदस्त दिसावे म्हणून दारापुढे पायऱ्या रचतात. वाळवंटात पूर येतच नाही असे नव्हे. नोव्हेंबर २०१८ मध्ये कुवेतमध्ये अतिवृष्टीने रस्ते बुडाले होते. पण त्यावर उपाय म्हणजे जमिनीचा ढाळ दारापासून दूर काढणे आणि उंबऱ्यापुढे जाळीची चर ठेवणे. त्यासाठी माणसाला चढवावे लागत नाही.

पातळी ठरविताना ‘कोणाला आत घ्यावयाचे आहे’ हेच आपण ठरवीत असतो. जाब्रियातील तारिक रजब संग्रहालय १९८० साली सुरू झाले. ते तळघरात आहे. १९९० साली इराकी सैन्य आले तेव्हा आत जाण्याची वाट विटांनी बुजवून टाकली आणि मोलाचा संग्रह वाचला. तळघर लपविण्यास उत्तम, हे सिद्ध झाले. पण जेथे सर्वांना बोलवावयाचे असते, तेथे न बुजवलेला जिनादेखील कित्येकांना बुजवलेल्या भिंतीसारखाच असतो.

४. उताराचे गणित

आज भारतात, अमेरिकेत आणि इतर अनेक देशांत जास्तीत जास्त चढ १:१२ धरतात. म्हणजे एक सेंटिमीटर चढण्यास बारा सेंटिमीटर लांबी. तीन पायऱ्या, प्रत्येकी १५ सेंटिमीटर, एकूण उंची ४५. म्हणून ४५ गुणिले १२, बरोबर ५४० सेंटिमीटर : पाच मीटर चाळीस. वेदीच्या प्रमाणाने तोच उतार सुमारे एक मीटर साठ सेंटिमीटर होईल. बलवान कोहेनाला तो पुरे, आपल्या आजीला नाही. चाकाची खुर्ची तर त्यावरून मागे घसरेल.

दाराशी पाच मीटर जागा कोठून आणावयाची, असा प्रश्न बांधकामानंतर नेहमी येतो. मग कोपऱ्यात, कचऱ्याच्या डब्यांमागे, उभा आणि निसरडा उतार टाकला जातो. हेच काम आधी केले असते तर? समजा फाटक दारापासून दहा मीटरांवर आहे. शेवटचा एक मीटर सपाट ठेवून उरलेल्या नऊ मीटरांत वाटच हळूहळू ४५ सेंटिमीटर वर नेली, तर चढ १:२० होतो. चालणाऱ्याला तो जाणवतही नाही. वेगळा ‘अपंगांचा रस्ता’ लागत नाही, सर्वजण एकाच दाराने येतात. कागदावर हे एका रेघेचे काम आहे. नंतर तेच गवंड्याचे आणि देणगीच्या पावत्यांचे होते.

५. लक्षात ठेवण्याची मापे

दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर असावी. दारापुढे, उताराच्या दोन्ही टोकांना आणि संडासात खुर्ची वळण्यास १५० सेंटिमीटर व्यासाची जागा असावी. उतार लांब असल्यास दर नऊ मीटरांनी सपाट विसावा द्यावा. दोन्ही बाजूंना सुमारे ९० सेंटिमीटरांवर धरावयास दांडा आणि खाली चाक घसरू नये म्हणून काठ असावा. तोराच्या कठड्याची आठवण येथे सहज होते. फरशी ओली असतानाही घसरू नये. पायऱ्या असतील तेथे प्रत्येकीची कड वेगळ्या रंगाची असावी, म्हणजे मंद दृष्टीच्या माणसाला ती दिसते.

६. आपल्या सिनेगॉगचा खास प्रश्न

लिफ्ट आहे, मग उतार कशाला, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे : शब्बाथला आपण बटण दाबीत नाही. शब्बाथ-लिफ्ट असेल तर गोष्ट वेगळी, पण साध्या उताराला वीज लागत नाही, तो बिघडत नाही आणि शब्बाथही मोडत नाही.

दुसरी गोष्ट स्त्रियांच्या गॅलरीची. मुंबईच्या आणि कोकणच्या आपल्या अनेक मशिदींत ती माडीवर आहे. तीच रीत येथेही चालली असेल, तर तळमजल्यावर पडदा लावून वृद्ध स्त्रियांसाठी जागा करता येते. तिसरी तेबाची. ज्याला तेबावर चढता येत नाही त्याला आलियाचा मान कसा द्यावा, हे पंचमंडळाने रब्बींना विचारून आधीच ठरवावे. आयत्या वेळी चौघांनी खुर्ची उचलणे हा मान नव्हे, तो संकोच आहे.

हगीगा ह्या मिश्नाच्या आरंभी यात्रेच्या कर्तव्यातून पांगळ्यांना, आंधळ्यांना आणि पायी चढून जाऊ न शकणाऱ्या वृद्धांना सूट दिली आहे. ती दयेची सूट आहे. परंतु ज्या चढावामुळे सूट द्यावी लागते तो चढावच कमी करणे आपल्या हाती असेल, तर सुटीवर समाधान मानू नये. दोन्ही पायांनी लंगडा असलेला योनाथानचा मुलगा मफीबोशेथ ह्याला दावीद राजाने घरी अन्न पाठविले नाही. त्याला आपल्या मेजावर बसविले.

कायदेही आता पाठीशी आहेत. इस्राएलचा समान हक्कांचा कायदा १९९८ चा असून २००५ साली त्यात सुलभतेचा भाग आला. कुवेतचा कायदा २०१० चा, भारताचा २०१६ चा. पण कायदा येऊन दार उघडण्याची वाट पाहण्यापेक्षा फीत हाती घ्यावी हे बरे.

घरचा अभ्यास

(१) आपल्या सिनेगॉगच्या किंवा हॉलच्या पायऱ्या मोजा, एकूण उंची काढा आणि तिला १२ ने गुणा. तेवढी जागा कोठे मिळेल ते कागदावर आखा. (२) दार आणि संडास मोजा. (३) बसथांब्यापासून दारापर्यंत एखाद्या वृद्धाबरोबर, त्यांच्या चालीने चाला आणि कोठे कोठे थांबावे लागले ते लिहा. (४) मागील वर्षापासून कोण कोण येईनासे झाले त्यांची नावे काढा आणि त्यांच्या घरी जाऊन कारण विचारा.

चौथा अभ्यास सर्वांत आधी करावा. पहिल्या तिन्हींची मापे त्यातूनच मिळतील.