भाकड म्हणू नका, गाभण म्हणा

गाय दुधात असली म्हणजे तिचा थाट असतो. धारेच्या वेळी पुढ्यात पेंड येते, हिरवा चारा येतो. घरातली पोरेबाळे पाठीवरून हात फिरवतात. पण दूध आटले की तिचे दिवस फिरतात. पेंडीचे घमेले बंद होते. पुढ्यात नुसता कडबा पडतो. "आता ती भाकड. तिला खुराक कशाला?" असे लोक म्हणतात.

खेड्यापाड्यांतून आम्ही हे पुष्कळ पाहिले आहे. हातात पैसा नसतो म्हणून माणसे असे करतात, हेही आम्ही जाणतो. पण ही काटकसर नव्हे, हे नुकसान आहे. कसे ते पाहू.

गाय साधारण नऊ महिने नऊ दिवस गाभण राहते, म्हैस साधारण दहा महिने दहा दिवस. पोटातले वासरू आधी हळूहळू वाढते. त्याचे निम्म्याहून अधिक वजन शेवटच्या दोन-तीन महिन्यांत वाढते. याच दिवसांत गायीची कास पुढच्या वेतासाठी तयार होते. मागच्या वेतात झिजलेले अंगही याच दिवसांत भरून यायचे असते. ही तिन्ही कामे नुसत्या कडब्यावर कशी होतील? मग वासरू अशक्त जन्मते. गाय दूध कमी देते आणि पुन्हा माजावर यायला उशीर लावते. आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?

म्हणून पहिली गोष्ट ही, की विण्याच्या दोन महिने आधी धार बंद करावी. "अजून लिटरभर निघतंय, काढू या," असा लोभ धरू नये. कासेला विसावा मिळाला नाही, तर पुढच्या वेतात दूध घटते. धार बंद केल्यावर कास सुजली, तर जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावे.

दुसरी गोष्ट खुराकाची. सुमारे ४०० किलो वजनाच्या गाभण गायीला रोज १५ ते २० किलो हिरवा चारा द्यावा. मका, कडवळ, लसूणघास, जे असेल ते चालेल. सोबत ५ ते ६ किलो कडब्याची कुट्टी द्यावी. अख्खा कडबा टाकला तर पुष्कळसा पायाखाली जातो. शेवटचे दोन महिने रोज दोन किलोच्या आसपास खुराक द्यावा. पाणी दिवसातून तीन-चार वेळा, पोटभर पाजावे.

खुराक घरीही करता येतो. १० किलोचे माप असे:

मक्याचा किंवा ज्वारीचा भरडा – साडेतीन किलो
शेंगदाण्याची किंवा सरकीची पेंड – ३ किलो
गव्हाचा कोंडा – २ किलो
तुरीची किंवा हरभऱ्याची चुणी – १ किलो २०० ग्रॅम
खनिज मिश्रण – २०० ग्रॅम
मीठ – १०० ग्रॅम

खुराक एकदम वाढवू नये. गायीच्या पोटात चारा पचवणारे सूक्ष्म जंतू असतात. नव्या खाण्याची सवय व्हायला त्यांना वेळ लागतो. म्हणून अर्ध्या किलोपासून सुरुवात करावी आणि पंधरा दिवसांत पुरे माप गाठावे. गाय फार लठ्ठही होऊ देऊ नये. लठ्ठ गायीला विताना त्रास होतो.

गाय व्याली की वासराला तासाभराच्या आत चीक पाजावा. रोगाशी झुंजण्याची ताकद त्याला चिकातूनच मिळते. व्याल्यानंतर गाय बसून राहिली, उठेना, कान गार लागले, तर उशीर करू नये. डॉक्टरांना ताबडतोब बोलवावे.

आता वही काढा. रोज २ किलो खुराक, दिवस ६०. एकूण १२० किलो झाला. आपल्या बाजारभावाने त्याची किंमत काढा. मग असे धरा, की त्या खुराकामुळे गायीने व्याल्यावर रोज एक लिटर दूध जास्त दिले, आणि तेही २०० दिवसच. ते २०० लिटर झाले. त्याची किंमत शेजारी लिहा. दोन आकडे ताडून पाहा. धडधाकट वासराची किंमत तर आम्ही यात धरलेलीच नाही.

गाभण लेकीला माहेरी आणतो, तेव्हा ती काम किती करते हे आपण विचारीत नाही. गोठ्यातल्या गायीलाही तोच न्याय द्यावा.

वाचा आणि सांगा
१. विण्याच्या किती दिवस आधी धार बंद करावी? का?
२. खुराक हळूहळू का वाढवावा?
३. तुमच्या गोठ्यात गाभण जनावर आहे का? त्याला रोज काय काय घालता, ते मापासह लिहा.