तेलाचे भिंग आणि एक 'निगेटिव्ह' स्लाइड

२००४ सालच्या पावसाळ्याचे अखेरचे दिवस होते. तिरल्याच्या पुढील एका फलियातून चार वर्षांची मुलगी तापाने फणफणत आली. रक्ताची स्लाइड मी स्वतः पाहिली आणि 'परजीवी आढळले नाहीत' असे लिहून मोकळा झालो. तिसऱ्या दिवशी ती झटके येत असताना परत आली. धारच्या एका स्नेह्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली तीच स्लाइड ठेवली, तेव्हा जवळजवळ प्रत्येक क्षेत्रात फाल्सिपेरमची वलये दिसत होती. क्विनीनने मुलगी वाचली. दोष माझ्या भिंगाचा होता, म्हणजे माझाच. शंभरपटीच्या भिंगावर देवदाराच्या तेलाचा थर वाळला होता आणि तो मी खिशातील रुमालाने पुसत असे.

तेल व काच यांचा अपवर्तनांक जवळपास सारखा, सुमारे १.५२, असतो, म्हणून प्रकाश न विखुरता भिंगात शिरतो. वाळलेले तेल हे काम करीत नाही. चित्र दुधाळ होते आणि बारीक वलये त्यात हरवतात.

मळ नेमका कोठे आहे हे आधी शोधावे. नेत्रभिंग फिरवताना ठिपका फिरला, तर मळ तेथेच; स्लाइड हलवताना सरकला, तर स्लाइडवर; दोन्ही वेळा जागीच राहिला, तर बहुधा वस्तुभिंगावर किंवा खालच्या कंडेन्सरवर. वस्तुभिंग काढून, नेत्रभिंग उलटे धरून त्यातून पाहावे. साध्या डोळ्यांना न दिसणारा थर स्पष्ट दिसतो. चाळीसपटीच्या भिंगाला तेल लावायचे नसते, तरी बहुतेक दवाखान्यांत तेच सर्वांत तेलकट सापडते!

पुसण्यापूर्वी धूळ उडवावी. कान धुण्याचा रबरी फुगा, पूर्ण कोरडा असल्यास, उत्तम. तोंडाने फुंकल्यास थुंकीचे कण पडतात. मग भिंगाच्या कागदाने तेल टिपून घ्यावे, घासू नये. राहिलेल्या थरासाठी उत्पादकाने सांगितलेले द्रावण कागदावर थेंबभर घ्यावे, भिंगावर कधीच ओतू नये. झायलीन वापरल्यास खिडकी उघडी ठेवून, अगदी कमी वापरावे. भिंगे जोडणारा चिकट पदार्थ अशा द्रावणांनी सुटतो. आपल्या टेबलावरचा स्पिरिटचा बोळा मात्र दूरच बरा. दुर्बीण, कॅमेरा, अगदी बंदुकीवरील दुर्बीण यांनाही हाच क्रम लागू: आधी धूळ, मग ओलावा. उलट केल्यास धुळीचे कण काचेवरील लेपाला ओरखडे पाडतात.

दमट हवेचा जाच जुना आहे. १८९७ साली सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे परजीवी शोधणाऱ्या रोनाल्ड रॉस यांच्या सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू घामाने गंजले होते आणि नेत्रभिंगाला तडा गेला होता. माळव्याच्या पावसाळ्यात बंद लाकडी पेटीत भिंगावर बुरशीचे जाळे चढते. तिने लेप एकदा खाल्ला की कोणतेही द्रावण तो परत आणीत नाही. म्हणून माझा सूक्ष्मदर्शक आता लहान दिव्याने ऊबदार राखलेल्या कपाटात असतो. जवळ सिलिका जेलची पुरचुंडी असते आणि तिचा रंग पालटला की ती बदलतो.

आता आशा कार्यकर्तीच्या पिशवीतील किटवर पंधरा-वीस मिनिटांत निदान होते. तरीही परजीवी किती आहेत आणि औषधाने ते घटत आहेत का, हे पाहायला स्लाइडच लागते. त्या मुलीच्या चौथ्या दिवसाच्या स्लाइडवर एकही वलय नव्हते. या वेळी भिंग पुसून, दोनदा पाहून, तसे लिहिले.