बिगरमानांकितावर जीव लाव, पैसे नकोस लावू

तुला टेनिसचं वेड आहे आणि ते मला मनापासून आवडतं. बालेवाडीला २०१९ मध्ये अँडरसन आणि कार्लोविचची फायनल झाली, तिन्ही सेट टायब्रेकवर गेले, तेव्हापासून तू कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या खेळाडूंच्या बाजूनं उभा राहतोस. आता तू इंग्लंडला शिकायला गेलायस. तिथे बाजारपेठेत बेटिंगची दुकानं उघड चालतात आणि अठरा पूर्ण झालेल्याला कायद्याची आडकाठी नाही. म्हणून परवा तू विचारलंस, “ताई, प्रत्येक ग्रँड स्लॅमला दहा-बारा अनोळखी नावांवर पाच-पाच पाउंड लावले तर काय बिघडलं? एक जरी लागला तरी सगळं वसूल.”

विचारलंस हे फार बरं केलंस. आता नीट ऐक.

तुझ्या डोक्यात कोण आहे ते मला ठाऊक आहे. गोरान इवानिसेविच, विंबल्डन २००१. जागतिक क्रमवारीत १२५वा, वाइल्ड कार्डवर आत आलेला. १९९२, १९९४ आणि १९९८ अशा तीन फायनल त्याच हिरवळीवर हरलेला. हेनमनविरुद्धची सेमीफायनल पावसामुळे तीन दिवस चालली, फायनल सोमवारी झाली आणि पाचव्या सेटमध्ये ९-७ असा तो राफ्टरला हरवून जिंकला. वाइल्ड कार्डवर येऊन विंबल्डनचं पुरुष एकेरी जिंकलेला तो एकमेव. त्याच्याआधी १९९७ मध्ये पॅरिसला ६६व्या क्रमांकाचा कुएर्तेन जिंकला. नंतर २००४ मध्ये, तिथेच, गौडिओनं पहिले दोन सेट ०-६, ३-६ असे गमावूनही, प्रतिस्पर्धी कोरियाचे दोन मॅच पॉइंट वाचवून चषक उचलला. या गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या ऐकून अजूनही माझ्या अंगावर काटा येतो.

पण गौडिओनंतर काय झालं ते बघ. २००५ ते २०२५ या २१ वर्षांत पुरुष एकेरीच्या ८३ ग्रँड स्लॅम स्पर्धा झाल्या. २०२० चं विंबल्डन तेवढं करोनामुळे झालं नाही. त्या ८३ पैकी एकही बिगरमानांकित खेळाडूनं जिंकलेली नाही. सगळे मिळून विजेते फक्त १२. साफिन, नादाल, फेडरर, जोकोविच, देल पोत्रो, मरे, वावरिंका, चिलिच, थीम, मेदवेदेव, अल्काराझ आणि सिनर. यांतलं सर्वांत खालचं मानांकन होतं १७, ऑस्ट्रेलियन ओपन २०१७ चं, आणि तो खेळाडू दुखापतीनंतर परतलेला फेडरर होता. त्याला अनोळखी कोण म्हणेल?

हे पैशांत मांडून बघ. मुख्य ड्रॉमध्ये १२८ जण, त्यांत ३२ मानांकित, उरले ९६. एखाद्यानं २००५ पासून प्रत्येक स्पर्धेत या ९६ जणांवर एकेक पाउंड लावला असता, तर जवळजवळ आठ हजार पाउंड गेले असते आणि परत एक पेनीही आली नसती. तू दहा-बाराच नावं निवडणार, अभ्यास करून निवडणार, हे मला मान्य आहे. पण ज्या टोपलीत एकही विजेता नव्हता, तिच्यातून कितीही विचारपूर्वक निवडलं तरी विजेता हाती लागत नाही.

असं का होतं, हे समजून घे. पहिली गोष्ट, सात सामने सलग जिंकायचे असतात. समज, तुझा लाडका पहिले तीन सामने प्रत्येकी ६० टक्के शक्यतेनं जिंकेल. पुढच्या चार सामन्यांत मोठे खेळाडू समोर येतील, तिथे प्रत्येकी २५ टक्के धर. हा अंदाज मी उदारपणे केलाय. तरी सातही सामने जिंकण्याची शक्यता येते बाराशेत एक.

दुसरी गोष्ट, पाच सेट. तीन सेटच्या सामन्यात एखादा तासभर पेटला तर मोठ्याला घरी पाठवतो. पाच सेटमध्ये मोठ्याला सावरायला वेळ मिळतो. २०२१ च्या फ्रेंच ओपनला चौथ्या फेरीत मुसेत्तीनं आणि फायनलमध्ये त्सित्सिपासनं जोकोविचविरुद्ध पहिले दोन्ही सेट घेतले होते. सामना तीन सेटचा असता तर दोन्ही वेळा जोकोविच हरला असता. प्रत्यक्षात चषक त्यानंच नेला.

तिसरी गोष्ट, २००१ च्या विंबल्डनपासून मानांकनं १६ ची ३२ झाली. त्यामुळे पहिले ३२ जण पहिल्या दोन फेऱ्यांत एकमेकांना भेटतच नाहीत. मोठ्या खेळाडूंच्या वाटेतले सुरुवातीचे काटे कमी झाले आणि अनोळखी खेळाडूची वाट तेवढीच अवघड झाली.

आता तू म्हणशील, पण धक्के तर दरवर्षी बसतात! बसतात ना. मात्र धक्का देणं वेगळं आणि स्पर्धा जिंकणं वेगळं. २०१२ च्या विंबल्डनला १००व्या क्रमांकाच्या रोसोलनं नादालला दुसऱ्या फेरीत हरवलं आणि पुढच्याच फेरीत तो सरळ सेटमध्ये बाहेर पडला. २०१३ मध्ये ११६व्या क्रमांकाच्या स्ताखोव्हस्कीनं फेडररला हरवलं, तोही पुढच्या फेरीत गेला. फ्रेंच ओपनमध्ये तोवर कधीच न हरलेल्या नादालला २००९ मध्ये सोडरलिंगनं हरवलं. तो फायनलपर्यंत पोचला आणि तिथे फेडररसमोर हरला. आपल्या सुमित नागलनं २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनला पात्रता फेरीतून येऊन ३१व्या मानांकित बुब्लिकला हरवलं, तेव्हा सगळ्या देशाला आनंद झाला. तोही पुढच्या फेरीत हरला. म्हणून त्याचा विजय कमी झाला का? तुझ्या-माझ्यासाठी नाही. त्याच्या नावावर विजेतेपदाचा पैसा लावणाऱ्याच्या हाती मात्र काहीच पडलं नसतं.

दुकानात तुला ‘ईच-वे’ सुचवतील. अर्धा पैसा विजेतेपदावर, अर्धा फायनल गाठण्यावर. ऐकायला सुरक्षित वाटतं. पण २००६ चा बगदातिस, २००८ चा त्सोंगा, २०२२ चा किर्गिओस अशी फायनल गाठलेल्या बिगरमानांकितांची नावं शोधूनच काढावी लागतात. शिवाय फायनलवरचा भाव मूळ भावाच्या निम्माच असतो आणि लावायची रक्कम दुप्पट होते.

आता भावाचं सांगते, कारण खरी मेख तिथे आहे. तुला वाटतं, एकाला दोनशे म्हणजे केवढी उदारता! वर ज्याची शक्यता आपण बाराशेत एक काढली, त्याच्यावर दोनशेचा भाव मिळत असेल तर तो सहापट कमी आहे. बुकी सगळ्याच भावांत आपला वाटा ठेवतो, पण फेवरिटवर तो थोडा असतो आणि लांबच्या नावांवर जास्त. घोड्यांच्या शर्यतींत हे अभ्यासकांनी १९४० च्या दशकातच दाखवून दिलं, टेनिसमध्येही तेच आढळलं आहे. लोकांना लहान रकमेतून मोठं स्वप्न हवं असतं, म्हणून लांबच्या नावांवर गरजेपेक्षा जास्त पैसा येतो, आणि बुकीला चांगला भाव देण्याचं कारणच उरत नाही. फेवरिटवर लावून कुणी श्रीमंत होतो असं नाही. पण तू निवडलेला कोपरा हा त्या दुकानातला सर्वांत महाग कोपरा आहे.

आणि मला पाच पाउंडांची भीती नाही वाटत, त्या पाच पाउंडांच्या सवयीची वाटते. मोठी रक्कम गेली की माणूस दचकतो, थांबतो. लहान रक्कम गेली की काहीच वाटत नाही. त्यात एखादा क्वार्टरफायनलला पोचला की “थोडक्यात हुकलं” असं वाटतं आणि पुढच्या वेळी पाचाचे दहा होतात. मग चार ग्रँड स्लॅम पुरत नाहीत. आठवडी स्पर्धा येतात, पॉइंटागणिक बेट येतात, रात्री दोनला चाललेला कुठल्यातरी गावचा सामना येतो. तुझ्या फीसाठी आई-बाबांनी कर्ज काढलंय. हे मी तुला टोचायला म्हणत नाही. हिशेबात ही ओळही असली पाहिजे, म्हणून म्हणते.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सलते. ज्या साध्या, धडपडणाऱ्या खेळाडूंवर तुझं प्रेम आहे, त्यांनाच सामना हरल्यावर बेट हरलेली माणसं फोनवर शिव्या आणि धमक्या पाठवतात. कितीतरी खेळाडूंनी हे जाहीरपणे सांगितलंय. तू असं कधीच करणार नाहीस, मला खात्री आहे. पण पैसा लावला की नजर बदलते. चौथ्या सेटमध्ये पायात गोळे आलेला खेळाडू दिसायच्या आधी आपले पाच पाउंड दिसायला लागतात. तुझी ती स्वच्छ नजर जाऊ नये, असं मला वाटतं.

मग काय करायचं? तुझ्या पारखीची परीक्षा घ्यायची असेल तर वही घे. प्रत्येक स्पर्धेआधी तुझी नावं आणि त्या दिवशीचे भाव लिही, पैसे मात्र कागदावरच ठेव. सलग दोन वर्षं हिशेब कर आणि मला दाखव. जे पैसे लावणार होतास ते साठव आणि विंबल्डनच्या रांगेत उभा राहून मैदानाचं तिकीट काढ. बाहेरच्या कोर्टांवर ऐंशीव्या-नव्वदाव्या क्रमांकाचे खेळाडू हातभर अंतरावर खेळताना दिसतील.

बेटिंगचं खातं उघडलं असशील आणि हात आवरत नसेल, तर ‘गॅमस्टॉप’वर नाव नोंदव. ती सोय मोफत आहे. सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं ब्रिटनमधल्या परवानाधारक ऑनलाइन कंपन्या तुला खेळू देणार नाहीत. ‘गॅमकेअर’ची माणसं फोनवर बोलतात, दोष न देता ऐकून घेतात. सुट्टीत घरी येशील तेव्हा इथेही आडवाटेनं अ‍ॅप उघडू नकोस. २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे.

तू मोठा आहेस, निर्णय तुझाच आहे. माझं मत मात्र स्पष्ट आहे: विजेतेपदासाठी अनोळखी नावावर पैसा लावणं हा तोट्याचाच व्यवहार आहे. तरीही कधी लावलास आणि ती गोष्ट घरापासून लपवावीशी वाटली, तर त्याच दिवशी थांब आणि पहिला फोन मला कर. मी रागावणार नाही.