आडनावाचा प्रश्न

समजा, विट्याची एक मुलगी पुण्याच्या कॉलेजात दाखल झाली. वसतिगृहात पहिल्याच दिवशी कुणी विचारते, “नाव कळले, पण आडनाव काय?” पाठोपाठ दुसरा प्रश्न, “किती मार्कांना मिळाला प्रवेश?” यात शिवी नाही की अपशब्द नाही. तरीही पुढे वर्गात शंका विचारताना तिचा हात वर जात नाही. असे का व्हावे?

कार्ला हॉफ व प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत केलेला प्रयोग 2004 साली प्रसिद्ध झाला. सहावी-सातवीच्या मुलांना कागदावर भुलभुलैयाची कोडी सोडवायची होती. जातीचा उल्लेख नव्हता तेव्हा दलित व सवर्ण मुले जवळजवळ बरोबरीची ठरली. सर्वांदेखत प्रत्येकाची जात पुकारताच दलित मुलांची कोडी कमी सुटली. बुद्धी काही दहा मिनिटांत आटत नाही! एक स्पष्टीकरण असे की, ‘हे मला कशाने जोखणार?’ या काळजीत मनाची बरीच शक्ती खर्ची पडते.

‘सुरुवातीला परके वाटणे सर्वांच्याच वाट्याला येते, ते ओसरते’ एवढे पटवून दिल्याने अमेरिकेतील एका कॉलेजात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण वाढल्याचे 2011 साली आढळले. पण 2023 च्या मोठ्या अभ्यासात दिसले, की जेथे वातावरणही खरोखर आपलेपणाचे असते तेथेच हा उपाय लागू पडतो. नुसत्या धीराच्या शब्दांनी भागत नाही.

विट्याचे बळवंत महाविद्यालय ज्या रयत शिक्षण संस्थेचे, तिचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1924 साली साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत आणि एकाच पंगतीत जेवत.