रिसीव्हरच्या बॅटरीची निवड : इंधनावर उडणाऱ्या प्रशिक्षण-विमानासाठी एक पाठ

विमानाची प्रतिकृती उडविण्याचा छंद जडलेल्या विद्यार्थ्याचे लक्ष प्रथम इंजिनाकडे जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. विमानातील रिसीव्हरची लहानशी बॅटरी मात्र पुष्कळदा सर्वांत शेवटी, उरलेल्या पैशांत घेतली जाते. ही बॅटरी कोणत्या कसोटीवर निवडावी, याचा विचार प्रस्तुत पाठात आपण करणार आहोत. उदाहरणादाखल आम्ही सुमारे 6.5 घनसेंटिमीटरचे ग्लो इंजिन आणि चार साधे सर्व्हो असलेले रेडिओ-नियंत्रित प्रशिक्षण-विमान घेतले आहे.

ग्लो इंजिनाचे इंधन म्हणजे मेथॅनॉल, तेल आणि थोडे नायट्रोमिथेन यांचे मिश्रण. इंजिन सुरू करताना ग्लो प्लगला बाहेरून सुमारे दीड व्होल्ट द्यावे लागतात. एकदा इंजिन चालू झाले, की ज्वलनाच्या उष्णतेने प्लगची तार लाल राहते आणि विजेची गरज संपते. धोक्याचे मूळ येथेच आहे. रिसीव्हरची बॅटरी संपली तरी इंजिन थांबत नाही. थांबते ते केवळ आपले नियंत्रण. संदेश तुटल्यास थ्रॉटल आपोआप मंदावणारी ‘फेलसेफ’ व्यवस्था असते खरी. परंतु सर्व्हो हलविण्यास वीज लागते, म्हणून बॅटरी मृत झाल्यावर ती व्यवस्थाही निरुपयोगी ठरते. दोन-अडीच किलो वजनाचे, पंखा फिरत असलेले विमान मग मैदानावरील कोणाच्याही अंगावर जाऊ शकते. बॅटरीची निवड हा म्हणूनच काटकसरीचा विषय नव्हे.

बॅटरीवर छापलेला मिलिअँपिअर-तासांचा आकडा तिच्यात किती वीज साठते एवढेच सांगतो. एखाद्या क्षणी मोठी मागणी आली असता विद्युतदाब किती टिकेल, हे त्यावरून कळत नाही. ते ठरते रोधावर. बॅटरीचा अंतर्गत रोध, तारा, जोडण्या आणि स्विच या साऱ्यांचा मिळून 0.5 ओहम रोध आहे असे समजू. वाऱ्याच्या झोतात चारही सर्व्हो एकदम हलले आणि त्यांनी 3 अँपिअर प्रवाह घेतला, तर ओहमच्या नियमानुसार 3 × 0.5 = 1.5 व्होल्टची घट होईल. चार सेलच्या निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीचा नाममात्र दाब 4.8 व्होल्ट, उरले 3.3. प्रचलित 2.4 गिगाहर्ट्झ रिसीव्हरांपैकी अनेकांना किमान 3.5 व्होल्ट लागतात. म्हणजे बॅटरी अर्धी भरलेली असूनही रिसीव्हर क्षणभर बंद पडेल.

आता पाच सेल घेऊ. नाममात्र दाब 6 व्होल्ट होतो. दाब वाढल्याने सर्व्हो अधिक प्रवाह घेतील, तो 3.75 अँपिअर धरला तरी घट सुमारे 1.9 व्होल्ट होते आणि 4.1 व्होल्ट शिल्लक राहतात. एका जादा सेलने सुरक्षिततेची एवढी मोकळीक मिळते. तथापि नुकत्याच चार्ज केलेल्या पाच सेलचा दाब 7 व्होल्टच्या आसपास असू शकतो. तो आपल्या सर्व्होंना चालतो का, हे माहितीपत्रकात पाहावे. रोध कमी करणे हा दुसरा उपाय : जाड तारा, चांगला स्विच, घट्ट बसणाऱ्या जोडण्या.

दोन सेलच्या लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीचा नाममात्र दाब 6.6 व्होल्ट असतो. ती हलकी असते आणि ठेवून दिली तरी फारशी उतरत नाही. मात्र तिचा दाब अखेरपर्यंत जवळजवळ स्थिर राहून मग एकाएकी कोसळतो. त्यामुळे केवळ व्होल्टमीटर पाहून उरलेल्या विजेचा अंदाज बांधता येत नाही. दोन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी पूर्ण भरल्यावर 8.4 व्होल्ट देते. साध्या सर्व्होंसाठी तिच्याबरोबर रेग्युलेटर आवश्यक ठरतो, म्हणजे बिघडू शकणारा आणखी एक भाग वाढतो. नवशिक्याच्या विमानासाठी पाच सेलची, कमी स्वयं-विसर्जन असणारी, सुमारे 2000 मिलिअँपिअर-तासांची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी आम्हांस सर्वांत सोयीची वाटते.

किती उड्डाणे करावीत, हे मोजून ठरवावे. पूर्ण चार्ज करून दहा-दहा मिनिटांची तीन उड्डाणे करावीत आणि पुन्हा चार्ज करताना किती वीज परत गेली ते चार्जरवर पाहावे. समजा 360 मिलिअँपिअर-तास गेले, तर एका उड्डाणास 120 झाले. बॅटरीचा निम्माच भाग वापरायचा, हा नियम पाळल्यास 1000 ÷ 120, म्हणजे आठ उड्डाणांनंतर थांबावे.

सेल वेल्डिंगने जोडलेलेच घ्यावेत. स्प्रिंगच्या डब्यात बसविलेले सेल इंजिनाच्या कंपनांनी क्षणभर संपर्क सोडू शकतात. बॅटरी फोममध्ये गुंडाळून, विमानाचा गुरुत्वमध्य सांभाळून, पुढील भागात ठेवावी. उड्डाणापूर्वी सुमारे अर्धा अँपिअर भार देऊन दाब मोजावा. निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीत तो प्रति सेल 1.2 व्होल्टच्या खाली आढळल्यास त्या दिवशी विमान उडवू नये.

स्वाध्याय : एकूण रोध 0.5 ओहमऐवजी 0.2 ओहम असता चार सेलच्या बॅटरीने 3 अँपिअर प्रवाहात रिसीव्हरला किती दाब दिला असता? उत्तर काढून, चार सेल कोणत्या परिस्थितीत पुरेसे ठरतील, हे विद्यार्थ्यांनी स्वतः ठरवावे.