राजमाता मीनळदेवी

गोमंतकातील राजकुलात जन्मलेल्या आणि गुर्जरदेशाच्या राजमाता झालेल्या मीनळदेवींचे नाव सोमनाथाच्या यात्रेकरूंशी कायमचे जोडले गेले आहे.

कुल व परिवार

संस्कृत ग्रंथांत त्यांचा उल्लेख मयणल्लादेवी असा येतो. त्यांचे पिता जयकेशी हे चंद्रपूर, म्हणजे गोव्यातील आजचे चांदर, येथील कदंब नृपती. श्रीसप्तकोटेश्वर हे कदंबांचे कुलदैवत. मीनळदेवींचा विवाह अणहिलवाड पाटणचे चौलुक्य राजे कर्णदेव यांच्याशी झाला. कर्णदेव प्रथम अनुकूल नव्हते. मातोश्री उदयमतींच्या आग्रहामुळेच हा विवाह घडला, असे मेरुतुंगाचार्य ‘प्रबंधचिंतामणी’ या ग्रंथात सांगतात. पाटणची प्रसिद्ध ‘राणी की वाव’ ही याच उदयमतींची कीर्ती होय.

राज्याचा भार

अकराव्या शतकाच्या अखेरीस कर्णदेव निवर्तले, तेव्हा पुत्र जयसिंह अल्पवयीन होते. सांतू, मुंजाल आदी मंत्र्यांच्या साह्याने राजमातेने राज्य सांभाळले. हेच जयसिंह पुढे ‘सिद्धराज’ म्हणून विख्यात झाले. विरमगामचा मुनसर व धोळक्याचा मलाव हे तलाव परंपरेने मीनळदेवींच्या नावे सांगितले जातात. मलावच्या काठी एका स्त्रीने आपले घर देण्यास नकार दिला. राजमातेने बळ न वापरता तलावाची बाजू तशीच वाकडी ठेवली, अशी लोककथा आहे.

यात्राकर रद्द

सोमनाथाच्या वाटेवर बाहुलोड येथे यात्रेकरूंकडून कर घेतला जाई. तो देता न आल्याने निर्धन भाविक दर्शनावाचून अश्रू ढाळीत परतत. ते पाहून राजमाताही माघारी फिरल्या. कारण कळताच सिद्धराजांनी बहात्तर लक्षांच्या उत्पन्नाचा तो करपट्टा फाडून टाकला व त्याचे पुण्य मातेच्या हाती उदक सोडून अर्पण केले, असे मेरुतुंगाचार्यांनी नमूद केले आहे.

दानाचे मोल

पुढची कथा दात्यांनी विशेष मनन करण्याजोगी आहे. सोमनाथास विपुल दान केल्यावर ‘माझ्यासारखा दाता नाही’ असा अभिमान राजमातेस झाला. तेव्हा स्वप्नात देवाने एका भिक्षुक यात्रेकरू स्त्रीचे पुण्य अधिक असल्याचे सांगितले. त्या स्त्रीने उपवासाच्या पारण्याला मिळालेल्या थोड्याशा पेंडीतून देवाची पूजा केली होती, अतिथीला वाटा दिला होता आणि उरलेल्यावर आपले पारणे सोडले होते.

राजमातेचे सुवर्ण आणि त्या स्त्रीची पेंड एकाच देवापुढे ठेवली गेली. द्रव्याचा आकडा नव्हे, तर देणाऱ्याने स्वतःच्या वाट्यातून काय काढून दिले, हेच तेथे मोजले गेले. मात्र बाहुलोडची वाट निर्धनांसाठी मोकळी झाली ती राजमातेमुळेच. देवदर्शनास निघालेल्या प्रत्येक भाविकाने या दोन्ही स्त्रियांचे कृतज्ञतापूर्वक स्मरण करावे.